दगडं शिकून पोरीला काय मिळणार?

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या सल्ला केंद्रात एक आई आणि मुलगी आल्या. केंद्रात येणाऱ्या बायकांच्या तक्रारी बहुधा मारहाणीच्या, पोटगीच्या, टाकून दिल्याच्या असतात. या दोघींचं गाऱ्हाणं वेगळं होतं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय भूशास्त्र. कॉलेजची आठ दिवसांची अभ्याससहल निघणार होती आणि वडील संमतिपत्रावर सही करायला तयार नव्हते. सहलीला गेलं नाही तर अहवाल नाही, अहवाल नाही तर गुण नाहीत. "ताई, तुम्ही एकदा ह्यांना सांगून बघा," आई म्हणाली.

त्यावर मी काय बोलले ते सांगायला आज संकोच वाटतो. मी त्या मुलीला विचारलं, "तुला विषय बदलता येणार नाही का?" रसायनशास्त्र घे, पुढे बी.एड. कर, गावाजवळ एखाद्या शाळेत लागशील, असंही वर सुचवलं. मुलगी काही बोलली नाही. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "हेच तर घरी पण म्हणतात."

समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी कित्येक वर्षं हे काम करते आहे. शिबिरांतून मुलींच्या शिक्षणावर, त्यांच्या निर्णयाच्या हक्कावर तासन्‌तास बोलते. आणि एका मुलीने खरोखरच वेगळी वाट धरली, तेव्हा तिच्या बापाने दिलेला सल्लाच मी गोड शब्दांत तिला दिला होता. त्या वाक्याची भरपाई म्हणून हा लेख लिहिते आहे असं समजायला हरकत नाही.

आम्ही दोघी कार्यकर्त्या त्यांच्या घरी गेलो. कोरडवाहू पाच एकर. वडील माणूस म्हणून वाईट नाहीत, मुलीला शिकवताहेत हेच त्या गावात अप्रूप. पण सहलीचं नाव काढताच म्हणाले, "ताई, डोंगरादऱ्यात पोरांबरोबर आठ-आठ दिवस राहायचं, आणि कशासाठी? दगडं शिकून पोरीला काय मिळणार? नोकरी लागेल का, तेवढं सांगा." आम्ही बसलो होतो तिथून त्यांचं शेत दिसत होतं. त्यात तीन बोअर मारलेले, तिन्ही कोरडे. तिन्ही जागा पाणाड्याने तळहातावर नारळ धरून दाखवलेल्या. तिसऱ्या बोअरच्या आधी मुलीने म्हटलं होतं की बाबा, आधी शेजारच्या विहिरीत उतरून खडकाचे थर किती आणि कसे आहेत ते बघू या. तिचं कुणी ऐकलं नाही. नारळाचं ऐकलं.

"नोकरी लागेल का?" या प्रश्नाला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हतं. हक्काची भाषा मला येत होती, भूशास्त्र शिकून पुढे काय होतं याची माहिती नव्हती. मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणींना ती आहे? डॉक्टर, शिक्षिका, नर्स, बँक, पोलीस यांपलीकडच्या वाटांची चौकशी आपण तरी कधी केली? म्हणून मी विचारत गेले, वाचत गेले. जे कळलं ते असं.

आधी हा विषय आपल्या जगण्याशी किती जवळचा आहे ते पाहू. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचत गेले, त्यातून तो तयार झाला. कुठे अखंड कातळ, कुठे सच्छिद्र मांजऱ्या खडक, कुठे दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा. पाणी साठतं ते झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि सांध्यांत. अखंड कातळात ते मुरत नाही. त्यामुळेच एकाच्या बोअरला पाणी लागतं आणि पन्नास फुटांवर दुसऱ्याचा बोअर धूळ ओकतो. यात नशीब किंवा पायगुण काही नसतो, खडकाची रचना असते आणि ती शिकता येते. विदर्भाच्या पूर्वेकडे गेलं की खडक बदलतो, तिथे कोळसा आणि मँगनीज आहे. कोकणात जांभा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तो प्रदेश स्थिर समजला जात होता. २०१४ साली माळीण, २०२१ साली तळीये, २०२३ साली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. डोंगराचा कोणता उतार धोक्याचा आहे हे आधी पाहून ठेवणं हेही भूवैज्ञानिकाचंच काम आहे.

आणि पाण्याचं म्हणाल तर ते आणायचं बाईने आणि शोधायचं पुरुषाने, अशी आपल्याकडची वाटणी आहे. पाणाड्या पुरुष, बोअरच्या गाडीवरचे पुरुष, पाहणीला येणारा अधिकारी बहुधा पुरुष, आणि तो बोलतो सरपंचाशी नाहीतर घरच्या कर्त्याशी. विहिरीचं पाणी किती खाली गेलं हे ज्या बाईला यंदा दोर किती हात वाढवावा लागला त्यावरून पक्कं ठाऊक असतं, तिला कुणी विचारत नाही. पाणीपुरवठा समितीवर बायकांची नावं असतात, सह्याही असतात, पण जागा ठरते तेव्हा त्या घरी असतात. भूवैज्ञानिक बाई असली की हे आपोआप बदलेल असा माझा भाबडा समज नाही. पण ज्यांच्या डोक्यावर हंडा आहे त्यांच्या घरातली मुलगी हे शास्त्र शिकली, तर प्रश्न कुणाला विचारायचे हे तिला निदान माहीत असेल.

आता नोकरीचं. खरं सांगायचं तर नुसत्या बी.एस्सी.वर फारसं काही हाती लागत नाही. एखाद्या खासगी सल्लागाराकडे, खाणीवर किंवा प्रयोगशाळेत तुटपुंज्या पगाराची कामं मिळतात. दारं उघडतात ती एम.एस्सी. झाल्यावर. पुणे आणि नागपूर विद्यापीठांत ती सोय आहे, गोवा विद्यापीठात आहे, मुंबईच्या आय.आय.टी.तही आहे, तिथला प्रवेश अखिल भारतीय परीक्षेतून मिळतो. त्यानंतरची सर्वांत मोठी वाट म्हणजे संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांसाठीची संयुक्त परीक्षा. तिच्यातून १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात वर्ग एकची पदं भरली जातात. वयाची अट २१ ते ३२, मागासवर्गीयांना नियमाप्रमाणे सवलत. मुलींना या परीक्षेची फी नाही. जागा मात्र दरवर्षी कमीजास्त होतात आणि एखाद्या वर्षी शंभराच्याही आत येतात. ही परीक्षा एका झटक्यात निघेल असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे.

राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत खनिकर्म अधिकारी आहेत. तेल आणि वायूच्या सरकारी कंपन्या आहेत. अणुखनिजांचा शोध घेणारं संचालनालय आहे. भारतीय खाण ब्यूरो, मँगनीजची मॉइल, वेस्टर्न कोलफिल्ड्‌स या तिघांचीही मुख्यालयं नागपूरला आहेत, म्हणजे विदर्भातल्या मुलीला ही नावं परकी नाहीत. धरणं, बोगदे, मेट्रो, घाटरस्ते यांच्या कामावर पाया तपासायला भूवैज्ञानिक लागतो. पाणलोटाचं आणि भूजलाचं काम करणाऱ्या संस्थांना लागतो. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे करण्याचं कामही वाढलं आहे. खाणीच्या खासगी नोकरीवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. गोव्यात २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केल्यावर परत बंद पडल्या. पर्यावरणाची जी लूट झाली होती ती पाहता तो निकाल योग्यच होता असं माझं मत आहे, पण खाण बंद पडली की पगारही थांबतो हे शिकणाऱ्या मुलीला माहीत असायला हवं.

थोडक्यात, वाट आहे, पण लांब आहे. बारावीनंतर पदवीची तीन वर्षं, एम.एस्सी.ची दोन, परीक्षेच्या तयारीची एक-दोन. म्हणजे सहा-सात वर्षं. मुलगा असला तर ही वर्षं त्याला मिळतात. तो पुण्याला खोली घेऊन राहतो, दोनदा नापास होतो, तिसऱ्यांदा बसतो आणि घरचे म्हणतात, "मेहनत करतोय." मुलगी एकविसाव्या वर्षी पदवीधर झाली की स्थळं पाहायला सुरुवात होते. परीक्षेची वयोमर्यादा बत्तीस असली तरी आपल्या घरांतली वयोमर्यादा बावीस-तेवीसच्या पुढे जात नाही. भूशास्त्राला भवितव्य आहे का, असा प्रश्न आपण विचारतो. त्या भवितव्यापर्यंत पोचायला लागणारी वर्षं आपण मुलीला देणार आहोत का, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

दुसरा अडसर म्हणजे 'हे बायकांचं काम नव्हे' ही समजूत. तिचा इतिहास मुद्दाम सांगते, कारण तो आपल्याला शिकवला जात नाही. हिंदुस्थानातल्या कोळसा खाणींत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हजारो बायका जमिनीखाली काम करत होत्या. नवरा कोळसा तोडे, बायको टोपलीतून वाहून नेई. १९२९ साली नियम करून त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर काढायला सुरुवात झाली आणि १९३७ साली पूर्ण बंदी आली. त्याआधी १९३५ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनेही तसाच करार केला होता. काम भयंकर होतं हे खरंच. पण बाहेर काढलेल्या बायकांना दुसरा रोजगार कोणी दिला? पुढे महायुद्धात कोळसा कमी पडू लागला, तेव्हा १९४३ साली तीच बंदी उठली आणि १९४६ साली पुन्हा लागू झाली. त्या वेळी मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. ही तात्पुरती सवलत का द्यावी लागली हे केंद्रीय कायदेमंडळात सांगताना, या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल यावर त्यांनी भर दिला होता. यावरून एवढं नक्की कळतं की बाईला खाणीतलं काम झेपतं की नाही, हे तिच्या ताकदीवरून ठरत नव्हतं. गरज कुणाची आहे यावरून ठरत होतं.

स्वातंत्र्यानंतर १९५२च्या खाण कायद्याच्या कलम ४६ने बाईला जमिनीखाली पूर्ण मनाई केली, आणि जमिनीवर सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच मुभा ठेवली. खाणीच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेलेल्या मुलीला 'कायदाच आहे, आम्ही काय करणार' असं सांगणं त्यामुळे सोपं होतं. २०१९ साली केंद्र सरकारने सूट दिली: लेखी संमती, किमान तिघींचा गट आणि जमिनीखाली फक्त दिवसा, तेही तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामापुरतं. २०२१ साली आकांक्षा कुमारी ही तरुण खाण अभियंता झारखंडमधल्या चुरी इथल्या कोल इंडियाच्या भूमिगत खाणीत रुजू झाली, तेव्हा ती पहिली म्हणून बातमी झाली. पुढे २०२०ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. सर्व आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांवर बाईला नेमता येईल, रात्रीच्या कामाला तिची संमती हवी, आणि काम धोक्याचं असेल तर मालकाला पुरेशी सुरक्षितता पुरवायला सरकार सांगू शकेल, असं ती म्हणते.

कायद्याची भाषा बदलली याचं स्वागत करू, पण दोन गोष्टी डोळ्यांआड करायला नकोत. एक, २०१९ची सूट शिकलेल्या बाईपुरती होती. ज्या मजूर बायकांना १९३७ साली बाहेर काढलं, त्यांच्या नातींना तिचा काडीचा उपयोग नव्हता. दोन, 'संमती' हा शब्द नोकरीची गरज असलेल्या बाईच्या बाबतीत फार लवचिक असतो. इतकी वर्षं संरक्षणाच्या नावाखाली बाईला कामापासून दूर ठेवलं. आता दार उघडलं म्हणून धोक्यापासूनचं संरक्षण सोडून द्यायचं, असं होता कामा नये. ते सगळ्याच खाणकामगारांचा हक्क आहे, पुरुषांचासुद्धा.

खाणीचं सोडा, साध्या सर्वेक्षणावर जाणाऱ्या बाईच्या अडचणीही आपण नावानिशी बोलायला हव्यात. दिवसभर उघड्या माळावर काम, लघवीला आडोसा नाही, म्हणून पाणी पिणं टाळायचं. पाळीचे दिवस. मुक्कामाला तालुक्याचं विश्रामगृह, त्याच्या दाराला कडी धड नाही. बरोबर जीपचा चालक, मदतनीस, वरिष्ठ, सगळे पुरुष. यावर घरच्यांचं आणि अनेकदा खात्याचं उत्तर एकच: तिला कार्यालयातलं काम द्या. नकाशे, प्रयोगशाळा, संगणक, शिकवणं. ही कामं हलकी मुळीच नाहीत, एखादीला मनापासून तीच आवडतात. पण आवडीने निवडणं वेगळं आणि ढकललं जाणं वेगळं. या शास्त्रात ज्याचे पाय खडकावर फिरलेले असतात त्याच्या शब्दाला वजन असतं. बाईला फील्डवरून काढलं की तिची बढतीही तिथेच अडकते.

आणि बायकांना हे झेपत नाही म्हणणाऱ्यांना एक उदाहरण पुरे. १९८३ साली भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम निघाली, तिच्यात दोन स्त्रिया होत्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातल्या भूशास्त्रज्ञ. दुसऱ्या आपल्या नागपूरच्या अदिती पंत, समुद्रशास्त्रज्ञ. तिथल्या बर्फात राहून त्यांनी काम केलं. सेनगुप्ता यांना १९९१ साली भटनागर पुरस्कार मिळाला. आणि इथे आपण मुलीला जिल्ह्याच्या हद्दीबाहेरच्या डोंगरावर आठ दिवस पाठवताना दहा वेळा विचार करतो.

मुलीला काही झालं तर, ही बापाची भीती मी खोटी म्हणत नाही. केंद्रात बसणारी बाई ती भीती खोटी म्हणूच शकत नाही. पण त्यावरचा उपाय मुलीला घरी बसवणं हा नव्हे. २०१३च्या कायद्यानुसार कामानिमित्त बाई जिथे जाते ती जागा आणि मालकाने दिलेलं वाहनसुद्धा 'कामाची जागा' आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या नियमांत तर क्षेत्रभेटी, अभ्याससहली, शिबिरं यांचा परिसराच्या व्याख्येतच समावेश आहे. म्हणजे सहलीत काही घडलं तर 'ते कॉलेजबाहेर घडलं' असं म्हणून कॉलेजला हात झटकता येत नाहीत. हे किती पालकांना माहीत आहे? किती प्राध्यापकांना?

तेव्हा काही मागण्या साध्या आणि आजच करता येण्याजोग्या आहेत. प्रत्येक अभ्याससहलीबरोबर एक तरी शिक्षिका असलीच पाहिजे, तिचा खर्च कॉलेजने द्यावा. मुक्कामाची जागा आधी पाहून ठरवावी. तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं आणि फोन निघण्यापूर्वी मुलींच्या हाती असावेत. सहलीचा खर्च झेपत नाही म्हणून कुणी मागे राहू नये, कारण घरात दोन मुलं शिकत असली तर पैसे आधी भावासाठी काढले जातात हे आपण रोज पाहतो. सर्वेक्षणाच्या खात्यांनी महिला कर्मचाऱ्यांसाठी मुक्कामाची आणि स्वच्छतागृहाची सोय लेखी नियमात आणावी, कुणा अधिकाऱ्याच्या भलेपणावर सोडू नये. आणि आपण संघटनांनी कौटुंबिक हिंसेच्या कामाबरोबर मुलींच्या शिक्षणाच्या वाटांची नेमकी माहिती गोळा करावी. परीक्षा कोणती, वय किती, फी किती. बापाच्या प्रश्नाला घोषणा देऊन भागत नाही, माहिती द्यावी लागते.

त्या मुलीचं पुढे काय झालं? वडिलांनी सही केली. आमच्या बोलण्याने केली असं मी म्हणणार नाही. बरोबर एक बाई शिक्षिका जाणार हे कळलं आणि आई प्रथमच नवऱ्यासमोर म्हणाली, "तिला जाऊ द्या." मुलगी आठ दिवसांनी परतली ती तोंड रापलेलं, खांद्यावरच्या पिशवीत दगड. चुलतीने दारातच म्हटलं, "रंग गेला की गं पोरीचा, आता स्थळं कशी यायची?"

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. एम.एस्सी. करायचं म्हणते, आणि एक स्थळ सांगूनही आलं आहे. येत्या जूनआधी आम्हाला त्या घरी पुन्हा जावं लागणार. वडील तोच प्रश्न विचारतील. या वेळी मी कागदावर सगळं लिहून नेणार आहे: परीक्षा, खाती, जागा किती कमी आहेत तेसुद्धा. आणि शेवटी त्यांना विचारणार आहे, की तीन कोरड्या बोअरवर तुम्ही पैसे घातलेत, नारळावर विश्वास ठेवलात, तर पोरीवर अजून चार वर्षं ठेवाल का?